सिनेमा बाजूला ठेवल्यावर त्याचं झपाटणारं संगीत कसं ऐकावं?

"दोन महिन्यांपूर्वी पाहिलेल्या एका चित्रपटाचं पार्श्वसंगीत डोक्यातून जाईना, म्हणून त्याचा अल्बम मिळवला आणि रात्री हेडफोन लावून ऐकला. निम्मे तुकडे रिकामे वाटले. एका तुकड्याची मात्र एवढी भीती वाटली की तो अर्ध्यावर बंद करावा लागला. मग हे संगीत स्वतःच्या पायांवर उभं आहे, की सिनेमाच्या खांद्यावर बसलेलं? वेगळं ऐकायचं तर कसं ऐकावं? आणि आधी काय, सिनेमा की अल्बम?" असा तुमचा प्रश्न आहे.

मी गेली एकवीस वर्षं पार्श्वसंगीताचं संपादन करते. संगीतकारानं वाजवून घेतलेले तुकडे दृश्यांवर बसवायचे, एखादा अर्धा सेकंद अलीकडे ओढायचा, एखाद्याचा मधला भाग काढून दोन टोकं बेमालूम सांधायची, आणि शेवटी संवाद, इतर आवाज व संगीत एका टेबलावर येतात तेव्हा संगीताच्या बाजूनं बसायचं, असं हे काम. त्या टेबलावर एक बटण असतं, 'सोलो'. ते दाबलं की संवाद जातात, पावलं जातात, दाराची करकर आणि पाऊस जातो, संगीत तेवढं उरतं. तुम्ही त्या रात्री जे केलंत ते मी दिवसातून कित्येकदा करते. त्यामुळे तुमचं "रिकामं वाटलं" मला फार ओळखीचं आहे, आणि उत्तराची सुरुवात मी भीतीपासून न करता तिथूनच करते.

कामाच्या पहिल्याच वर्षातली गोष्ट. एक बाई अंधाऱ्या घरात जिना चढते, वरच्या खोलीचं दार ढकलते, आत कुणी नसतं, एवढंच दृश्य. सगळे आवाज एकत्र असताना ते पाहिलं की खोलीत बसलेले लोक श्वास रोखून धरायचे. मी सोलो दाबलं तर ऐकू आलं ते इतकंच: चेलोचा एक खालचा स्वर, जवळजवळ चार मिनिटं तोच. मधे दोनदा पियानोचा एकेक थेंब. अखेरीला व्हायोलिनची एक बारीक रेघ. मला वाटलं, संगीतकारानं अंग चोरलंय. ज्यांच्या हाताखाली मी शिकत होते त्यांनी काही समजावलं नाही. पडदा बंद केला, संवाद आणि इतर आवाज परत चालू केले आणि म्हणाले, आता नुसतं ऐक. तेव्हा कळलं की पियानोचा पहिला थेंब बरोबर तिथं पडतो जिथं बाईचा श्वास थांबतो. दुसरा, तिची अंगठी कठड्याला लागून जो बारीक आवाज होतो, त्याच्याच स्वरात. आणि चेलोचा तो एक स्वर घराच्या घुमाऱ्यात असा मिसळला होता की घरच तो काढतंय असं वाटावं. चार मिनिटांत त्या माणसानं कुठंही कुणाच्या पायात पाय घातला नव्हता.

गाणं ऐकताना आपण म्हणतो, "काय जागा घेतली!" गवई जागा घेतो. पार्श्वसंगीत लिहिणारा जागा सोडतो. बोलणाऱ्यासाठी सोडतो, चेहऱ्यासाठी सोडतो, कधी नुसत्या वाऱ्यासाठी. अल्बम ऐकताना या सोडलेल्या जागा उघड्या पडतात, आणि सिनेमा नसल्यामुळे त्या भरायला कुणी येत नाही. तुम्हाला जे तुकडे रिकामे वाटले त्यांतले सगळेच थोर असतील असं मी म्हणत नाही. दृश्याला नुसता टेकू म्हणून लिहिलेलं, सिनेमाबाहेर काढल्यावर अंगच नसलेलं संगीत पुष्कळ असतं. पण ते आणि जाणून सोडलेली जागा यांतला फरक कानाला कळू शकतो. सोडलेल्या जागेच्या दोन्ही काठांवर काम केलेलं असतं. स्वर थांबतो तो कसा थांबतो, विरत जातो की छाटला जातो, त्याचा घुमारा लहान खोलीचा आहे की मोठ्या दालनाचा, पुढचा स्वर मागचा पुरता विझण्याआधी येतो की नंतर, हे तिथं ठरवलेलं असतं. टेकूच्या संगीतात हे काठ भोंगळ असतात. म्हणून "रिकामा" तुकडा ऐकताना सुरावट शोधू नका, ती तिथं नाही. काठ ऐका.

आणि या वेळी डोक्यात सिनेमा पुन्हा चालवू नका. बहुतेक जण नेमकं तेच करतात. आठवणीतलं चित्र खऱ्या चित्रापेक्षा नेहमी फिकट असतं, त्यामुळे संगीतही फिकट वाटायला लागतं आणि दोष त्याच्यावर येतो.

जागेची अदलाबदल कशी होते याचं मला सगळ्यांत प्रिय उदाहरण सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'तलं आहे (१९५५). मुलगी गेल्यानंतर बाप परततो. त्याला काही ठाऊक नाही. तिच्यासाठी आणलेली साडी तो पुढं करतो आणि आई कोसळते. तिचा हंबरडा आपल्याला ऐकू येत नाही. राय यांनी तो काढून टाकला आणि त्या जागी तारशहनाई ठेवली. संगीत रविशंकरांचं, वादन दक्षिणामोहन टागोरांचं, राग पटदीप. तारशहनाई म्हणजे भोंगा जोडलेला एसराज. गजानं वाजतो, पण भोंग्यामुळे त्याच्या आवाजाला माणसाच्या गळ्यासारखी धार येते. हे वादन सिनेमाशिवाय, डोळे मिटून ऐका. करुण सुरावट म्हणून ते ऐकता येतं, पण थोडं लक्ष दिलंत तर लक्षात येईल की ते वरच्या सप्तकात ज्या तऱ्हेनं चढतं ती गाण्याची तऱ्हाच नाही. इथं संगीतानं जागा सोडलेली नाही, माणसाच्या आवाजानं सोडलेली जागा घेतली आहे. असं संगीत वेगळं ऐकताना सहसा रिकामं वाटत नाही. उलट फार भरलेलं, कधीकधी सोसेनासं वाटतं.

रिकामेपणाचं दुसरं कारण अगदी व्यवहारातलं आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं: आवाजाची पातळी. चित्रपटगृहासाठी मिक्सिंग करायच्या खोलीत पडद्यामागच्या प्रत्येक स्पीकरची पातळी एका ठरावीक चाचणी-आवाजावर ८५ डेसिबलला बांधलेली असते. संगीताचा प्रत्येक निर्णय त्या पातळीवर ऐकून घेतलेला असतो. घरी, रात्री, आपण त्याच्या कितीतरी खाली ऐकतो. आणि कानाचा स्वभाव असा की एकूण पातळी उतरली की खर्जातले स्वर मधल्या स्वरांच्या आधी हरवतात. फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं, आणि त्यांचे ते आलेख ध्वनीचं काम शिकणाऱ्या प्रत्येकाला आजही पाहावे लागतात. झपाटणाऱ्या संगीताचा अर्धा जीव खर्जात असतो. तोच हलक्या आवाजात नाहीसा झाला तर वर उरलेले दोन-चार स्वर अधांतरी लटकणारच. माझ्या त्या जिन्याच्या दृश्यातला चेलो मोबाइलच्या स्पीकरवर ऐकला असता तर चार मिनिटांची शांतता आणि दोन थेंब एवढंच कळलं असतं.

म्हणून अल्बममधला सगळ्यांत मोठा तुकडा आधी लावा, तो कानाला त्रास न होता जेवढा भरून ऐकता येईल तेवढा आवाज ठेवा, आणि मग अल्बम संपेपर्यंत त्याला हात लावू नका. हळू तुकडे हळूच राहू द्या. ऐकण्याच्या ॲपमध्ये सगळ्या तुकड्यांचा आवाज एकसारखा करणारी सोय असते, ती बंद करा. कुजबुज आणि किंकाळी एकाच उंचीवर आणून ठेवल्यावर मग उरतं काय? शफल तर नकोच.

अल्बम म्हणजे सिनेमातलं संगीत जसंच्या तसं, असंही धरून चालू नका. माझ्या क्षेत्राबाहेरच्या लोकांना याचं नेहमी आश्चर्य वाटतं. लाँग प्ले तबकड्यांच्या काळात एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं मावायची, तेव्हा तासाभराच्या संगीतातलं निवडून, दोन-दोन तुकडे जोडून, क्रम बदलून अल्बम तयार व्हायचा. 'ब्लेड रनर' आला १९८२ मध्ये. त्या वर्षी बाजारात आलेला अल्बम दुसऱ्याच वाद्यवृंदानं वाजवलेल्या रूपांतराचा होता. चित्रपटाचे संगीतकार वांगेलिस यांचा स्वतःचा अल्बम यायला १९९४ उजाडलं, आणि त्यात त्यांनी चित्रपटातले काही संवादही विणले. म्हणजे तो अल्बम ही सिनेमाबद्दलची संगीतकाराची आठवण आहे, सिनेमाची प्रत नाही. 'सायको'चं (१९६०) संगीत बर्नार्ड हर्मन यांनी १९७५ मध्ये स्वतःच पुन्हा ध्वनिमुद्रित केलं, आणि त्याची लय चित्रपटातल्यापेक्षा बरीच संथ आहे. काही जाणकारांना ती चूक वाटते. मला ती फार महत्त्वाची वाटते. चित्रपटात त्या संगीताला पळत्या गाडीबरोबर, कापलेल्या दृश्यांबरोबर धावायचं होतं. १९७५ मध्ये त्याला कुणाबरोबर धावायचं नव्हतं. दोन्ही शेजारी ठेवून ऐका, सिनेमा बाजूला झाला की संगीताची चाल कशी बदलते हे खुद्द संगीतकाराच्याच हातून ऐकायला मिळतं.

आता भीती. 'सायको'चा विषय निघालाच आहे तर तिथूनच सांगते. हर्मन यांनी त्या संगीतासाठी फक्त तंतुवाद्यं वापरली. फुंकवाद्यं नाहीत, तालवाद्यं नाहीत. स्नानगृहातल्या हत्येच्या दृश्याला संगीत नको असं दिग्दर्शक हिचकॉक यांचं आधी मत होतं. हर्मन यांनी तरीही लिहिलं, आणि ऐकल्यावर हिचकॉक यांनी मत बदललं, हे पुष्कळांना माहीत असतं. कमी माहीत असलेली गोष्ट कानानं शोधण्यासारखी आहे: त्या एका दृश्याखेरीज इतर सगळं संगीत वादकांनी घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, आवाज दाबणारा म्यूट लावून वाजवलं आहे. म्यूट लावला की व्हायोलिनचा आवाज झाकलेला, थोडा घुसमटलेला येतो. हत्येच्या दृश्यात तो काढलेला आहे. चित्रपट पाहताना आपण सुरी बघत असतो. अल्बम सलग ऐकताना मात्र कळतं की इतका वेळ एका जाड कापडाआडून येणारा आवाज अचानक उघडा झाला. भीतीतला मोठा वाटा त्या उघडं होण्यात आहे, आणि तो नुसता तो एक तुकडा लावून कधीच कळणार नाही. आधीचं सगळं झाकलेलं ऐकावं लागतं.

त्या किंचाळीतले स्वर एकमेकांना खेटलेले आहेत. हार्मोनियम असेल तर षड्ज आणि कोमल रिषभ एकदम दाबून बघा. दोन लगतच्या लाटा एकमेकींवर आपटून जी थरथर निर्माण होते ती प्रत्यक्ष कानात होते, तिला कुठल्याही गोष्टीची, चित्राची गरज लागत नाही. ही भीती संगीताची स्वतःची.

दुसरी युक्ती सुरुवात काढून टाकण्याची. कुठलाही आवाज कशाचा आहे हे आपण बरंचसं त्याच्या पहिल्या क्षणावरून ओळखतो, ठोक्यावरून, छेडण्यावरून, फुंकेवरून. फ्रेंच संगीतकार प्येर शेफर यांनी १९४८ मध्ये घंटेच्या ध्वनिमुद्रणातून तो पहिला ठोका कापला, तर उरलेला नाद ओबो या फुंकवाद्यासारखा वाटू लागला. झपाटणाऱ्या संगीतात हे पदोपदी केलेलं असतं. स्वर कधी सुरू झाला हेच कळत नाही, कळतं तेव्हा तो आपल्याभोवती आधीपासून असतो. कुठलं वाद्य, कुठून, किती लांबून, कानाच्या एकाही प्रश्नाला उत्तर मिळत नाही. आवाज आहे आणि करणारा दिसत नाही, ही माणसाला फार जुनी अस्वस्थता आहे.

'महल'मधल्या (१९४९) 'आएगा आनेवाला' या सुप्रसिद्ध गाण्याचा आरंभ आठवा. खेमचंद प्रकाश यांची रचना, लताबाई अगदी तरुण. आवाज लांबून जवळ येतोय असं वाटावं म्हणून त्यांनी मायक्रोफोनपासून दूर उभं राहून गायला सुरुवात केली आणि गात गात त्याच्याकडे चालत आल्या. सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून नाव छापलं होतं ते पात्राचं, 'कामिनी'. म्हणजे सिनेमा न पाहता ज्यांनी ते ऐकलं त्यांच्याही पुढं एक चालत येणारा आवाज होता आणि त्याला माणूस नव्हता. आज आपल्याला गायिका ठाऊक आहे, सिनेमाही ठाऊक आहे, तरी ते अंतर कमी होत जाणं ऐकताना अंगावर काटा येतो, कारण ते अंतर खरंच चाललेलं आहे.

पण सगळी भीती अशी संगीतात कोरलेली नसते, आणि तुमच्या "स्वतःच्या पायांवर की सिनेमाच्या खांद्यावर" या प्रश्नाची गाठ इथं आहे. 'रोजमेरीज बेबी'च्या (१९६८) सुरुवातीला क्रिश्तॉफ कोमेदा यांचं एक अंगाईगीत आहे. शब्द नाहीत, नायिका मिया फॅरो नुसत्या 'ला ला'वर गुणगुणतात. ज्यानं चित्रपट पाहिलेला नाही अशा माणसाला ते ऐकवा. तो म्हणेल, छान आहे, जरा उदास आहे. पाहिलेला माणूस ते पूर्ण ऐकायला तयार होणार नाही. ही भीती सिनेमानं उसनी दिलेली आहे. उसनी म्हणजे खोटी नव्हे. आयुष्यात आपल्याला चटका लावणारे बहुतेक सूर असेच कुठल्या तरी प्रसंगाकडून उसने घेतलेले असतात. फक्त कोणती भीती कुठली, हे माहीत असावं. तुमच्या त्या तुकड्याची परीक्षा अशीच करा: चित्रपट न पाहिलेल्या कुणाला तरी, काहीही न सांगता, तुकड्याचं नावसुद्धा न सांगता ऐकवा आणि त्याचा चेहरा बघा.

नाव न सांगता, हे मी उगाच म्हणत नाही. पोलिश संगीतकार पेंडेरेत्स्की यांची ५२ तंतुवाद्यांसाठीची एक रचना आहे. तिचं पहिलं नाव होतं '८ मिनिटं ३७ सेकंद'. नुसती लांबी. पुढं त्यांनी तिला हिरोशिमाच्या बळींसाठी शोकगीत असं नाव दिलं. स्वर तेच होते. आज ती रचना ऐकताना ज्यांना विमानाची घरघर आणि किंकाळ्या ऐकू येतात ते चुकीचं ऐकत नाहीत, पण त्यांना त्या नावानं ऐकवलेल्या आहेत. अल्बमवरच्या तुकड्यांची नावंही हेच करतात, वर कथेतला शेवटही फोडून टाकतात. मी स्वतः अल्बम पहिल्यांदा ऐकताना स्क्रीन उलटी करून ठेवते.

पेंडेरेत्स्की यांच्या इतर रचना 'द शायनिंग'मध्ये (१९८०) आहेत, लिगेती आणि बार्टोक या संगीतकारांच्या रचनांबरोबर. हा चित्रपट माझ्या कामातल्या लोकांसाठी तीर्थच. यातलं बहुतांश संगीत चित्रपटासाठी लिहिलेलं नाही. आधीपासून असलेल्या रचना संगीत संपादक गॉर्डन स्टेनफर्थ यांनी दृश्यांवर बसवल्या, आणि काही ठिकाणी एकाच वेळी एकावर एक रचल्या. परिणाम असा, की त्या रचनांच्या मूळ तबकड्या आणून ऐकल्या तर चित्रपटात ऐकलेला आवाज सापडतच नाही. तो फक्त त्या चित्रपटात आहे. याच्या अगदी उलट टोकाला 'इन द मूड फॉर लव्ह' (२०००). त्यातलं ते तीन मात्रांचं, व्हायोलिनचं संगीत शिगेरू उमेबायाशी यांनी 'युमेजी' या १९९१ च्या दुसऱ्याच चित्रपटासाठी लिहिलं होतं. एका सिनेमातून निघून दुसऱ्यात गेलं आणि तिथं असं रुजलं की आता ते त्याच अरुंद जिन्याचं, त्याच दोन माणसांचं वाटतं. संगीतकार मोरिकोने यांनी 'द थिंग'साठी (१९८२) लिहिलेलं, पण तिथं न वापरलं गेलेलं काही संगीत २०१५ च्या 'द हेटफुल एट'मध्ये आलं. तेहतीस वर्षं ते सिनेमाशिवाय होतं आणि त्याचं काही बिघडलं नाही.

या तिन्ही उदाहरणांवरून माझं मत असं झालं आहे की "स्वतःच्या पायांवर" हा प्रश्न संगीताला विचारण्यापेक्षा ऐकणाऱ्याला विचारावा. संगीत सिनेमातून बाहेर पडताना काहीतरी मागं ठेवून येतं, त्याच्या बदल्यात तुम्ही वेळ देणार का? हिल्दुर गुद्नादोत्तिर यांचं 'चेर्नोबिल' या मालिकेचं (२०१९) संगीत घ्या. लिथुआनियातल्या बंद झालेल्या इग्नालिना अणुऊर्जा केंद्रात जाऊन त्यांनी तिथले आवाज मुद्रित केले, पंपांचे, दारांचे, दालनांच्या घुमाऱ्याचे, आणि त्यातून, आपला स्वतःचा गळा मिसळून, संगीत केलं. मालिका पाहताना ते संगीत आहे हेच मला कित्येकदा कळलं नाही, यंत्रांची घरघर वाटली. अल्बम ऐकला तेव्हा त्या घरघरीत गळा ऐकू आला. चित्र असतं तर तो कधीच सापडला नसता, कारण डोळ्यांनी त्या आवाजाचा धनी आधीच ठरवून टाकलेला होता. वेगळं ऐकण्याचं खरं सुख मला यात वाटतं: डोळ्यांनी कानाच्या वतीनं घेतलेले निर्णय फिरवता येतात.

आधी काय, याचं माझं उत्तर: सिनेमा आधी. जागा सोडून लिहिलेलं संगीत त्या जागा भरलेल्या असताना एकदा तरी ऐकायलाच हवं. मग मधे दोन-तीन आठवडे जाऊ द्या. लगेच अल्बम लावलात तर दृश्यं इतकी ताजी असतात की तुम्ही सिनेमाच पुन्हा बघत बसता. चित्रं थोडी विरू लागली की संगीत वर येतं. याला अपवाद म्हणजे चित्रीकरणाआधी लिहिलेलं संगीत. 'जोकर'साठी (२०१९) गुद्नादोत्तिर यांनी नुसती पटकथा वाचून चेलोवर रचना केल्या, आणि स्वच्छतागृहातलं ते संथ नृत्य नायक वाकीन फिनिक्स यांना सेटवर ते संगीत ऐकूनच सुचलं. तिथं सिनेमाच संगीताच्या मागून आला आहे, तर अल्बम आधी ऐकायला काहीच हरकत नाही.

राहिला तो अर्ध्यावर बंद केलेला तुकडा. हेडफोननं तुमचा घात केला असण्याची शक्यता बरीच आहे. स्पीकरचा आवाज समोरून येतो, खोलीत पसरतो, मान हलवली की बदलतो. हेडफोनचा आवाज डोक्याच्या आत असल्यासारखा भासतो आणि मान हलवली तरी तिथंच राहतो. ज्या संगीताचा सगळा डाव "हा आवाज कुठून येतोय?" यावर आहे, त्याला "तुझ्या आतून" हे उत्तर मिळालं तर रात्री एकट्यानं ते सोसणं अवघडच. पुढच्या वेळी दिवसा, स्पीकरवर, खिडकी उघडी ठेवून ऐका. बाहेरचे आवाज त्यात मिसळले तर मिसळू द्या, हे संगीत इतर आवाजांबरोबर राहायलाच लिहिलेलं असतं.

आणि तुम्ही नेमकं कोणत्या सेकंदाला बंद केलंत ते लिहून ठेवा. त्या सेकंदाला बहुधा काहीच नवीन घडलेलं नसतं. तिथून मागं या, दहा-दहा सेकंदांनी. कुठंतरी मिनिटभर आधी, तुम्ही दुसरंच काहीतरी ऐकत असताना, एक स्वर ठोक्याशिवाय आत आलेला सापडेल आणि तो अजून गेलेला नसेल. तो सापडला की तिथून पुढं, पूर्ण आवाजात, शेवटपर्यंत ऐका.